गॅदरिंगचा अंगरखा: बगल न फाटणारा, पुढच्या वर्षीही होणारा

पहिला अंगरखा मी भाच्यासाठी शिवला. चकचकीत ब्रोकेड, गळ्याला लेस, घेराला लेस, बाहीला लेस. घरी घालून बघताना तो म्हणाला होता, "मावशी, हात वर केला की पोट दिसतंय." मी म्हटलं, "नाटकात कुठे सारखा हात वर करायचाय तुला?" तो मावळा होता, हातात तलवार होती, आणि "हर हर महादेव" म्हणायचं होतं. हात वर गेला, अंगरखा बनियनसकट छातीपर्यंत चढला, आणि दुसऱ्या घोषणेला उजवी बगल टर्रकन उसवली. लेस मात्र सगळी जागेवर होती.

तेव्हापासून गॅदरिंग, शिवजयंती, पोवाडा अशा निमित्तांनी बरेच पोशाख शिवले. आता मी आधी बगल आणि बंद बघते, मग कापडाचा वाण, आणि सगळ्यात शेवटी सजावट. हा लेख त्याच क्रमाने आहे. नऊ-दहा वर्षांच्या, छाती २६ इंच असलेल्या मुलाचं माप धरलंय. सरळ शिलाई मारता येत असेल आणि घरात साधं पायाचं मशीन असेल तर दोन शनिवार-रविवारांत होतो. मुलीलाही हाच होतो, बेतात काही बदलत नाही.

नक्की काय शिवायचंय

दुकानात "मावळा ड्रेस" मागितला की काहीही देतात. आपल्याकडे या घराण्यातले तीन कपडे आहेत. बाराबंदी आखूड, कमरेच्या जरा खाली येणारी, बटणांऐवजी बंदांनी बांधायची. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात ती नीट बघून घ्या, जुन्या बेताचा कपडा अंगावर कसा बसतो ते कळतं. दुसरा जामा: वर अंगाबरोबर, कमरेपासून खाली भरपूर घेर. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली जी चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत त्यांत असाच पोशाख, कमरेला पटका आणि पायात चुणीदार दिसते. तिसरा अंगरखा, जामा आखूड आणि सुटसुटीत केला की होतो तसा. पोवाड्याच्या शाहिरांमुळे हा आपल्या ओळखीचा.

आपण कमरेला जोड असलेला, गुडघ्याच्या जरासा खाली येणारा, एकावर एक पल्ला (पुढच्या उघड्या भागाची एक बाजू) घेऊन बगलेत बांधायचा अंगरखा शिवणार आहोत. उजवा पल्ला वर येतो आणि डाव्या बगलेत बांधतात. त्या काळच्या चित्रांत हिंदू सरदारांचे बंद बहुधा डाव्या बगलेत आणि मुसलमान सरदारांचे उजव्या बगलेत दाखवलेले असतात. प्रेक्षकांतल्या एखाद्या आजोबांना हे माहीत असतंच आणि कार्यक्रमानंतर ते सांगायला येतातच. तेव्हा बाजू चुकवू नका.

कापड

तीन मीटर कापड, ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं. सुती केंब्रिक किंवा पातळ पॉपलिन घ्या. साटिन आणि ब्रोकेड रंगमंचावर दिमाखदार दिसतं हे खरं, पण मूल आत घामाघूम होतं, चुण्या नीट पडत नाहीत आणि बंद सुटतात. एवढी हौस असेल तर ब्रोकेड शेल्याला वापरा.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी कडेचे दोन-चार धागे काढून घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास तसाच येतो, राख भुरभुरीत होते. पॉलिस्टर वितळून आक्रसतो आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. ही नुसती इस्त्री किती गरम ठेवायची याची बाब नाही. पोवाड्यात मशाल असते, आरतीच्या प्रसंगात निरांजन असतं, आणि वितळणारं कापड कातडीला चिकटतं. जिथे खरा विस्तव आहे तिथे सुतीच, आणि सुतीसुद्धा पेट घेतं म्हणून घेर आणि ज्योत यांच्यात हातभर अंतर.

पांढराशुभ्र रंग टाळा. दिव्याखाली तो निळसर मारतो आणि मोबाइलच्या फोटोत चेहरा काळवंडतो. मोतिया किंवा हलका बदामी घ्या. मिळाला नाही तर पांढरं सुती कापड चहात बुडवा: पाच-सहा लिटर पाण्यात अर्धी वाटी चहा पूड उकळून गाळा, कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून मग त्यात घाला आणि वीस मिनिटं सतत हलवत राहा. कोरडं कापड थेट घातलंत किंवा हलवायचा कंटाळा केलात तर ढगांसारखे डाग पडतात. ओलं असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर एक छटा उतरतो.

कापड तयार करणं: ही एक रात्र वाचवू नका

नव्या सुती कापडात खळ असते आणि माग सोडताना धागे ताणलेले असतात. पाण्यात पडलं की ते मूळ जागी येतात, म्हणजेच कापड आटतं. साधारण शंभराला तीन ते पाच. तीन मीटरवर ही घट चार ते सहा इंच होते. शिवून झाल्यावर आटलं तर घेर वर जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे न आटणारी लेस आटलेल्या कापडावर लाटेसारखी उभी राहते.

कापड घडीसकट नाही, मोकळं करून बादलीत रात्रभर भिजवा. सकाळी पाणी पिठूळ दिसेल, ती खळ. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि उभ्या धाग्याच्या दिशेनं दोरीवर सावलीत टाका. अर्धवट ओलं असतानाच इस्त्री करा, उभ्या धाग्याला धरून. तिरकी इस्त्री फिरवली की कापड तिरकं ओढलं जातं आणि मग चौकोन चौकोन राहत नाही.

मरून, लाल, गडद निळं असेल तर रंग जातो का बघा: ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर कापड पुन्हा पुन्हा धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं आपण सगळ्याच लहानपणापासून ऐकत आलो. तयार रंगवलेल्या कापडाचा सैल राहिलेला रंग मिठानं पक्का होत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. चार धुण्यांनंतरही लागतच असेल तर ते कापड मोतिया अंगरख्यावरच्या शेल्याला घेऊ नका.

लेस, काठ, नाडी, अस्तर, जे जे पाण्याला भिणार नाही ते सगळं याच वेळी भिजवून वाळवून घ्या.

शेवटी कापडाचं टोक सरळ करा. दुकानात कात्रीनं कापलेलं टोक क्वचितच धाग्याला सरळ असतं. काठाशी छोटी चीर देऊन आडवा एक धागा ओढा, त्याची रेघ दिसेल, त्या रेघेवर कापा. केंब्रिक आणि पॉपलिन सरळ फाडलं तरी चालतं.

मापं

सहा मापं पुरतात. कंसातले आकडे आपल्या उदाहरणातल्या मुलाचे.

छाती (२६). तीरा, म्हणजे एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत (१२). खांद्यापासून कमर (साडेबारा). खांद्यापासून गुडघ्याच्या खाली (साडेतीस). बाही, खांद्यापासून मनगट (१७). आणि मूठ मिटून तळव्याचा घेर (७), कारण बाहीतून हात जायला हवा.

छातीत ४ इंच सैल धरायचं. आत बनियन असतो, कधी स्वेटरही असतो, कारण गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत आणि मैदानावर असतं. म्हणजे तयार छाती ३०, पाठ १५ आणि पुढचा भाग १५.

बेतणं

इथे मी मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, गोल कापतच नाही. आपल्या जुन्या कपड्यांचा बेत सरळ रेषांचा: चौकोन, आयत, तिरकी कळी. कापड वाया जात नाही आणि नवशिक्याचा हातही चुकत नाही. हालचालीची मोकळीक बगलेत बसवलेल्या छोट्या चौकोनातून येते. माझ्या पहिल्या अंगरख्यात नेमका तोच नव्हता.

माया, म्हणजे शिलाईसाठी आणि पुढे सैल करण्यासाठी सोडायचं जास्तीचं कापड, बाजूच्या शिवणींना १ इंच आणि बाकी सगळीकडे अर्धा इंच. खालची मापं तयार कपड्याची आहेत, माया त्यात मिळवून कापा.

पाठ: १५ रुंद, साडेबारा उंच. वर मधोमध गळा साडेचार रुंद (मध्यापासून सव्वादोन-सव्वादोन), पाऊण इंच खोल. खांद्याला बाहेरच्या टोकाशी पाऊण इंच उतार.

वरचा पल्ला, म्हणजे मुलाचा उजवा: हाही १५ रुंद, साडेबारा उंच. यावर उजव्या खांद्याशी गळ्याचा बिंदू धरा, मध्यापासून सव्वादोन इंचांवर. डाव्या कडेवर वरून ९ इंच खाली खूण करा. दोन्ही खुणा पट्टीनं जोडा आणि त्या रेषेच्या वरचा कोपरा काढून टाका. राहिला तो पल्ला. डाव्या कडेला त्याची साडेतीन इंचांची उभी बाजू उरते, बंद तिथेच येणार.

आतला पल्ला, डावा: कमरेशी फक्त १० इंच रुंद. डाव्या खांद्याची रुंदी सव्वापाच, तिथल्या गळ्याच्या बिंदूपासून कमरेच्या दहाव्या इंचापर्यंत तिरकी रेघ.

बाही: खांदा सरळ बेतात दीड इंच खाली उतरतो, म्हणून १७ मधून दीड वजा करा. त्यात मनगटावर पडणाऱ्या चुण्यांसाठी ३ मिळवा. तयार लांबी साडेअठरा. वर १२ रुंद, मनगटाशी ८.

बगलेचे चौकोन: तयार ३ बाय ३, म्हणजे ४ बाय ४ कापा. दोन.

घेर: तयार उंची १८, खाली मोड (आत दुमडायचं कापड) ३, वर माया अर्धा. म्हणजे साडेएकवीस इंचांचे पूर्ण पन्ह्याचे तीन पाट, म्हणजे तुकडे.

मांडणी अशी: कापडाच्या पहिल्या १४ इंचांत पाठ आणि वरचा पल्ला शेजारी शेजारी. पुढच्या २० इंचांत दोन बाह्या आणि आतला पल्ला. नंतर घेराचे तीन पाट. सगळं मिळून शंभर इंचांच्या आसपास होतं, आटल्यावरही तीन मीटरमधून बंदांपुरतं उरतं. पल्ले कापताना कापडाची सुलट बाजू वर आहे ना, हे दोनदा बघा. उलट बाजूनं कापलात तर वरचा पल्ला डावीकडून निघतो. माझा एकदा निघाला होता, त्याचा उशीचा अभ्रा झाला.

पहिल्यांदाच शिवत असाल तर वरचा भाग आधी मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा करून कच्च्या धावदोऱ्यानं जोडून अंगावर घालून बघा. तासभर जातो. घेराची चाचणी करायची गरज नाही.

बंद

बंद आधीच शिवून ठेवा, मध्येच शिवायला घेतले की कंटाळा येतो आणि चार कमी होतात. २ इंच रुंद, ११ इंच लांब सहा पट्ट्या. मधोमध घडी घालून इस्त्री, मग दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आत, पुन्हा घडी: अर्ध्या इंचाचा बंद. कडेनं टीप मारा. सुतीच हवेत. साटिनच्या तयार रिबिनी सुंदर दिसतात आणि तिसऱ्या कडव्याला सुटतात.

शिवण्याचा क्रम

पॉपलिनला १४ नंबरची सुई चालते, जरीच्या काठावर जाताना १६ लावा. रंगीत सुती दोरा घ्या, मोतियावर पांढरा दोरा उठून दिसतो.

खांदे आधी जोडा. कापड पसरलं की समोर एक लांबट तुकडा दिसेल, मागे पाठ, पुढे दोन पल्ले. आता पल्ल्यांच्या तिरक्या कडा सांभाळायच्या. तिरकी म्हणजे उरेब कड नुसतं हाताळलं तरी ताणली जाते आणि मग छातीवर झोळ पडतो. म्हणून या कडांवर, कापल्या कापल्या, पाव इंच आतून एक टीप मारून ठेवा आणि आतल्या बाजूनं सरळ धाग्याची पाऊण इंची पट्टी जोडून वळवा. ती एकसलग जाते: वरच्या पल्ल्याच्या कमरेपासून उभी बाजू, तिरकी कड, मागचा गळा, आतल्या पल्ल्याची तिरकी कड. पट्टी उरेब कापू नका. पायपीनला उरेब लागते, इथे आपल्याला कड जखडून ठेवायची आहे.

गळ्याचा काठ किंवा लेस लावायची असेल तर ती आत्ताच, कापड सपाट असताना. त्याबद्दल पुढे.

मग बाह्या. बाहीच्या वरच्या कडेचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवा. सहा इंच पुढे, सहा इंच मागे. सरळ रेषेला सरळ रेष, टीप मारा. बाहीच्या टिपेची दोन्ही टोकं मायेपर्यंत नेऊ नका, अर्धा इंच आधी थांबा. त्या मोकळ्या टोकांमुळेच चौकोन बसतो.

आता बगल. हे सावकाश वाचा, आणि कापड हातात घेऊन वाचा. चौकोनाला चार बाजू आहेत. दोन लगतच्या बाजू बाहीच्या आहेत, दोन अंगाच्या. पहिली बाजू बाहीच्या पुढच्या कडेला, बगलेपासून तीन इंच. तिच्या शेजारची बाहीच्या मागच्या कडेला, तीन इंच. उरलेल्या दोन: एक पुढच्या पल्ल्याच्या बाजूला, सहाव्या इंचापासून नवव्यापर्यंत, दुसरी पाठीच्या बाजूला तशीच. चौकोन पतंगासारखा उभा राहतो, एक टोक मनगटाकडे, एक कमरेकडे. प्रत्येक कोपऱ्याशी टीप नेमकी खुणेवर थांबवून मागे-पुढे दोन टाके घ्या आणि मगच पुढची बाजू धरा. चारही बाजू एका दमात फिरवायला गेलात तर कोपऱ्यात चिमटी पडते. पहिल्यांदा हातानं बारीक धावदोरा घालून मग मशीनवर घ्या. दुसऱ्या बगलेपर्यंत गुरुकिल्ली सापडलेली असते.

मग मनगटापासून चौकोनाच्या टोकापर्यंत बाहीची शिवण, आणि चौकोनाच्या दुसऱ्या टोकापासून कमरेपर्यंत बाजूची शिवण. बाजूच्या शिवणीतच बंद अडकवायचे: डाव्या बाजूला बाहेरून दोन, एक चौकोनाच्या टोकाशी, एक कमरेशी. उजव्या बाजूला आतून एक, कमरेशी. यांचे जोडीदार बंद पल्ल्यांच्या कडांवर, वरच्या पल्ल्याला दोन आणि आतल्याला एक. पल्ल्यावर बंद लावताना खाली कापडाचा दुहेरी तुकडा ठेवा आणि चौकोन शिवून आत फुली मारा. सगळा ओढा इथेच येतो.

इथे थांबा आणि मुलाला घाला. तलवार वर, दोन्ही हात वर, मांडी घालून बसणं, मुजरा. अंगरखा कमरेवरून हलला नाही तर पुढे जा.

घेर

तीन पाट जोडून लांब पट्टी करा, दोन्ही टोकांना उभी मोड घाला. १२८ इंच हाती राहतील. वरच्या भागाची कमर, दोन्ही पल्ले उघडून, १५ अधिक १५ अधिक १० म्हणजे ४०. सरळ हिशेबानं चुण्या सारख्या वाटल्या तर आतल्या पल्ल्यावरही भरपूर कापड येतं, ते कुणालाच दिसत नाही आणि पोट मात्र फुगतं. मी आतल्या पल्ल्याला २० इंच देते आणि उरलेलं पाठीला ५४, वरच्या पल्ल्याला ५४. खडूनं खुणा करून घ्या.

खालची मोड आणि काठ आधी, चुण्या नंतर. उलटं केलंत तर गोळा झालेल्या घेरावर सव्वातीन मीटर काठ लावताना रडू येतं.

चुण्यांसाठी मशीनचा टाका सगळ्यात मोठा करा, वरचा ताण थोडा सैल करा, आणि कडेपासून पाव इंचावर एक आणि अर्ध्या इंचाच्या जरा पुढे दुसरी अशा दोन समांतर टिपा मारा. एकच मारली तर चुण्या लोळतात. पाटाच्या प्रत्येक जोडापाशी दोरा तोडून नव्यानं सुरुवात करा, कारण जाड शिवणीत दोरा अडकतो आणि ओढताना तुटतो. बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र धरून ओढायचं. खुणेला खूण टाचून, चुण्यांची बाजू वर ठेवून, दोन टिपांच्या मधून शिलाई मारा. सुईच्या पुढे बोटानं चुण्या उभ्या करत राहा.

या शिवणीवर सगळ्या घेराचं वजन लोंबकळतं. आतून सुती टेप किंवा जुन्या साडीच्या काठाची पट्टी धरून दुसरी टीप मारा. नाही मारली तर नाचताना कमरेशी भगदाड पडतं, तेही पाठीमागे, जिथे मुलाला कळत नाही आणि बाकी सगळ्यांना दिसतं.

सजावट, वीस पावलांवरून

रंगमंचाचा पोशाख कुणी हातात घेऊन बघत नाही. चार रात्री बसून लावलेल्या टिकल्या तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाहीत. दोन इंचांचा सलग जरीकाठ शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. अंगरखा दोरीवर टांगा, वीस पावलं मागे जा, डोळे किलकिले करा. जे दिसेल ते ठेवा, जे विरघळेल त्यावर वेळ घालवू नका.

सगळ्यात चांगला काठ कपाटातल्या विरलेल्या साडीचा. पोत जीर्ण झालेली रेशमी साडीही काठाला अजून दणकट असते. काठाच्या बाजूला अर्धा इंच साडीचं कापड ठेवून कापा, म्हणजे आत मुडपता येतो. आईला विचारून घ्या, आणि आजीच्या साडीला तर हात लावण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. नवा काठ घ्यायचा तर मुंबईत भुलेश्वर, पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ धुंडाळा. जरीवर थेट इस्त्री नको, वर सुती कापड ठेवून मध्यम गरम.

घेराचा काठ एकेरी कापडावर शिवा, मोडीच्या घडीच्या अर्धा इंच वर. मोड मग हातशिलाईनं आतून, काठाच्याच दोऱ्यांना पकडत घालायची. तीन इंचांची मोड अशी ठेवली की पुढच्या वर्षी ती सोडून घेर लांब करता येतो, काठ उसवावा लागत नाही. जुन्या घडीची रेघ दिसते, तिच्यावर बारीक गोटा, म्हणजे जरीची अरुंद फीत, टाकायचा.

काठाच्या दोन्ही कडा एकाच दिशेनं शिवा. एक वरून खाली आणि दुसरी खालून वर शिवली की काठ पिळवटतो, मशीन वरचं कापड नेहमी थोडं पुढे ढकलत असतं म्हणून. पल्ल्याच्या कोपऱ्यात काठ कापू नका. उलटा दुमडून, मग आडवा वळवून, कोपऱ्यात तिरकी घडी येऊ द्या आणि ती घडी हातानं शिवा.

अंगावर बुट्टे हवे असतील तर भरतकामाच्या नादी न लागता सोनेरी फॅब्रिक रंगाचे ठसे मारा. लाकडी ठसा नसेल तर अर्धा बटाटा कोरा, पुसून कोरडा करा, रंग ब्रशनं लावा. बटाट्यात पाणी असतं म्हणून पहिले चार ठसे वर्तमानपत्रावर. बुट्टे घेर शिवण्याआधी मारायचे, पाट सपाट असताना, चार-चार इंचांवर आणि एकाआड एक ओळ सरकवून. रंग वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री.

डाव्या बगलेच्या वरच्या बंदाला गोंडे लावा. एवढी एकच हौस मी कधी सोडत नाही. धावताना ते हलतात आणि लांबूनही कळतं. लोकरीचे किंवा जाड रेशमी दोऱ्याचे, दोन इंच लांब. शिवाय याच बंदाखाली एक मोठं टिचबटण लपवा: गाठ सुटली तरी पल्ला सुटत नाही.

बाकीचं थोडक्यात

चुणीदार विकत आणा. उरेब कापडात ती बेतायला दीड दिवस जातो आणि घेराखाली वीतभरच दिसते.

शेला तीन मीटर लांब, बारा इंच रुंद. कमरेला दोन वेढे आणि एक टोक डावीकडे लोंबतं. गाठीला विसंबू नका, मागे दोन सेफ्टीपिना, आडव्या.

फेटा आयत्या वेळी बांधणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याच्यासमोर तीस मुलं उभी असतात. चार मीटर व्हॉइल उभं मधोमध फाडून जोडून घ्या, सैल पीळ द्या. मुलाच्या डोक्याच्या मापाची जुनी सुती टोपी पातेल्यावर पालथी घाला, तिच्यावर फेटा गुंडाळत जा आणि प्रत्येक वेढा टोपीला चार-पाच मोठ्या टाक्यांनी पकडा. मागे शेमला, वर तुरा. पाच सेकंदांत डोक्यावर जातो.

आदल्या दिवशी

पूर्ण पोशाख घालून मुलाला पाच मिनिटं अंगणात पळू द्या. चप्पल घेरात अडकते का, जिना चढताना घेर पायाखाली येतो का, आणि आईशिवाय बाथरूमला जाऊन येता येतं का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, नाड्यांच्या चुणीदारीत मोठमोठे सरदार हरलेले मी पाहिलेत. नेफ्यात नाडीऐवजी इलास्टिक घाला.

सोबतच्या पिशवीत सुई ओवून ठेवलेली, त्याच रंगाचा दोरा, सहा सेफ्टीपिना आणि छोटी कात्री.

कार्यक्रमानंतर घामाचा अंगरखा तसाच घडी घालून ठेवू नका, काठाची जर काळी पडते. उलटा करून साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आणि गळ्याच्या पट्टीच्या आत कापडाची चिठ्ठी शिवा. पक्क्या शाईनं लिहा: छाती २६, बाजूंना एक-एक इंच माया, घेरात तीन इंच मोड. भाच्याचा दुसरा अंगरखा पुढे त्याच्या धाकट्या भावानं घातला, मग शेजारच्या मुलीनं जिजाऊंच्या दरबारात. दोन्ही वेळा उसवणारी मी नव्हते, पण चिठ्ठी वाचून त्यांना कळलं कुठे किती कापड आहे.